शस्त्रक्रियेचे आसन आणि मानेतील शिरा

धरणगावच्या पंचक्रोशीतील एखादा गृहस्थ मोठ्या ऑपरेशनसाठी जळगावास वा धुळ्यास निघाला, की घरच्या मंडळींची सारी चिंता सर्जनच्या हातगुणावर, भुलीच्या मात्रेवर आणि रक्ताच्या बाटल्यांच्या तजविजीवर एकवटते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु सुरी उचलली जाण्यापूर्वी रोग्याला टेबलावर नीट निजवण्यात, खांद्याखालची उशी सारण्यात आणि वळवलेली मान पुन्हा किंचित सरळ करण्यात जो वेळ जातो, त्याची वार्ता दाराबाहेरच्या बाकापर्यंत क्वचितच पोहोचते. त्या खटपटीचा पुष्कळसा भाग मेंदूतून परतणाऱ्या रक्ताच्या वाटेचा बंदोबस्त करण्यासाठी असतो.

प्रौढ माणसाच्या मेंदूकडे दर मिनिटाला सुमारे ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त जाते. ते वर चढवणारे हृदय बलवान असते व धमन्यांच्या भिंतीही जाड असतात. परतीच्या वाटेवरील शिरा मात्र पातळ असतात, त्यांतील दाब अल्प असतो, आणि पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड पद्धतीच्या सिंचनाच्या पाटाला जसा जमिनीचा उतार सांभाळावा लागतो तसा या शिरांना देहाचा उतार सांभाळावा लागतो. माणूस उताणा निजला असता मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा भरलेल्या असतात व मेंदूचे बहुतेक रक्त त्यांतूनच उतरते. तोच माणूस उठून बसला, की त्या जवळजवळ मिटून जातात आणि मणक्यांभोवतीचे बारीक शिरांचे जाळे कामाला लागते. बर्लिनच्या संशोधकांनी २००० साली निरोगी माणसांवर केलेल्या मोजणीत, निजलेल्या स्थितीत मानेच्या मोठ्या शिरांतून मिनिटाला सुमारे ७०० मिलिलिटर वाहणारे रक्त ताठ बसताच सुमारे ७० वर आले, आणि मणक्यांलगतच्या शिरांतील प्रवाह ४० वरून २१० पर्यंत वाढला.

देहाच्या ठेवणीने शिरा फुगवता येतात, हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात शिरावेधाचा विधी सांगितला आहे. त्यात मस्तकाची शीर वेधावयाची असता रोग्याला सूर्याभिमुख करून आसनावर बसवावे, त्याची कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत, अंगठे आत घेतलेल्या मुठी मानेवर ठेववाव्यात, मान व मुठी यांना वेढणारे वस्त्र मागे उभ्या असलेल्या मदतनिसाने आवळावे, आणि रोग्याने तोंडात वारा कोंडून धरावा, अशी बारकाईची आज्ञा आहे. मान आवळली की मस्तकाचे रक्त अडते. श्वास रोखून जोर केला की छातीतला दाब वाढून तेच घडते. कापसाची गाठ पाठीवर घेताना दम धरणाऱ्या हमालाच्या मानेवर टरारणाऱ्या शिरा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस याचा निराळा दाखला नको.

सुश्रुताने जे बुद्धिपुरस्सर केले, तेच आज हयगयीने घडू नये म्हणून भूलतज्ज्ञाला जपावे लागते. श्वासनलिकेत घातलेली नळी जागेवर राहावी म्हणून मानेभोवती बांधलेली फीत घट्ट झाली, तर तीच वस्त्राचे काम करते. म्हणून मेंदूच्या ऑपरेशनात ती फीत टाळून नळी गालावर चिकटपट्टीने पक्की करणे पसंत करतात. मान एका बाजूस फार वळली किंवा हनुवटी छातीकडे फार झुकली, तरीही शीर दबते. यास्तव हनुवटी व छातीचे हाड यांत दोन बोटे शिरतील इतके अंतर आहे की नाही, हे बोटे घालूनच पाहिले जाते. कवटी ही न ताणणारी पेटी आहे, हे एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्येच मांडले होते. तीत रक्त तुंबले तर जागेचा तोटा मेंदूलाच सोसावा लागतो.

डोके उंच असता रक्त उताराने सहज परतते, तर मग ते नेहमी उंचच का ठेवू नये? प्रत्येक ऑपरेशनची गरज निराळी असते. जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या नावाचे आसन, ज्याचे वर्णन त्यांच्या शिष्याने १८८५ साली प्रसिद्ध केले, त्यात डोके खाली व कंबर वर असते, जेणेकरून आतडी वर सरकून ओटीपोट मोकळे होते. गर्भाशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आजही तेच वापरतात; पण ते लांबले तर चेहरा व पापण्या सुजतात, कारण मानेतील रक्त चढ चढून परतत असते. उलट, बसवून केलेल्या मेंदूच्या ऑपरेशनात डोके हृदयाच्या पुष्कळ वर जाते, हाडाला चिकटलेल्या शिरा मिटू शकत नाहीत, आणि उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊन हृदयापर्यंत पोहोचू शकते. असा संशय येताच सर्जन जखम सलाईनने भरून टाकतो, टेबलाचा डोक्याकडील भाग खाली घेतला जातो आणि भूलतज्ज्ञ स्वतःच्या हातांनी रोग्याच्या मानेतील शिरा दाबून धरतो. वस्त्राऐवजी हात, एवढाच फरक. आणि या प्रसंगी तो दाब प्राण वाचवणारा ठरतो. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत तर दोन्ही टोके एकाच बैठकीत दिसतात: प्रारंभी डोके थोडे उंच ठेवून शिरा रिकाम्या करतात, आणि टाके घालण्यापूर्वी डोके खाली घेऊन, फुप्फुसांत काही क्षण हवा दाबून धरून, लपलेली एखादी शीर वाहते काय हे तपासतात.

हे ज्ञान रुग्णालयाच्या भिंतींआड राहू नये, असे मला मनापासून वाटते. पाळधीजवळच्या महामार्गावर मोटारसायकलवरून पडून डोक्यास मार लागलेला तरुण जळगावच्या रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा पुष्कळदा पलंगाचा डोक्याकडचा भाग सुमारे ३० अंश उचलून, मान नाकासमोर सरळ ठेवण्याचा हुकूम असतो. मानेचे हाड दुखावल्याची शंका असेल, तर कमरेत न वाकवता सबंध पलंगच तिरपा करतात, आणि गळ्यातला पट्टा फार आवळलेला नाही ना, हेही पाहतात. अशा वेळी मायेपोटी कोणी डोक्याखाली जाड उशी सारली, की हनुवटी छातीस टेकते आणि पलंग उचलून मिळवलेला लाभ मानेपाशीच अडतो. उशी द्यावयाची झाल्यास आधी परिचारिकेस विचारावे.