हाडावरून रोग ओळखायचा कसा? बालाथलच्या सांगाड्याचं उदाहरण

प्राचीन सांगाड्यांवर काम करायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: बहुतेक रोग हाडापर्यंत पोचतच नाहीत. पटकी किंवा प्लेगने माणूस काही दिवसांत दगावतो, हाड बदलायला वेळच मिळत नाही. हाडावर खूण सोडतात ते रेंगाळणारे रोग. क्षय, कुष्ठरोग, उपदंश वगैरे. आणि तेही प्रत्येक रुग्णात नाही.

आता बालाथल घ्या. राजस्थानात उदयपूरजवळचं हे ताम्रपाषाणयुगीन गाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९९० च्या दशकात उत्खननात उघडं केलं. (कल्याणहून पुणे काही फार लांब नाही, ठाणे-डोंबिवलीच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं!) तिथे दगडी कुंपणात, शेणाच्या जळलेल्या राखेत पुरलेला एक सांगाडा मिळाला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, पस्तिशी ओलांडलेला पुरुष. २००९ मध्ये ग्वेन रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन'मध्ये मांडलं की त्याला कुष्ठरोग होता.

कशावरून? नाकाच्या भोकाच्या कडा झिजलेल्या, नाकाखालचं टोकदार हाड विरघळलेलं, वरच्या जबड्यात दात धरून ठेवणारं हाड खचलेलं. यातली एकेक खूण सुटी घेतली, तर फारसं काही सिद्ध होत नाही. दात पडले की जबडा तसाही झिजतो, आणि उपदंशही नाक खातो. पण उपदंश बरेचदा कवटीच्या वरच्या भागावरही खड्डे पाडतो. म्हणून खुणा कुठे आहेत याच्याइतकंच कुठे नाहीत हेही नोंदवायचं. मला विचाराल तर खरी मेहनत यातच आहे. वहीत आधी नुसतं वर्णन लिहा, रोगाचं नाव नंतर. नाव आधी लिहिलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

आणखी एक पेच. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खुणा असलेला सांगाडा जास्त आजारी माणसाचा असतोच असं नाही. खूण उमटण्याइतका काळ तो रोगाशी झुंजत जगला, हे मात्र नक्की. शेजारचा 'स्वच्छ' सांगाडा कदाचित पहिल्याच तापात गेलेल्याचा. बालाथलच्या माणसाने रोगासकट बरीच वर्षं काढली असणार. त्याला गावाने सांभाळलं का, हा मोह आवरा. हाड जगण्याचा काळ सांगतं, जेवणाचं ताट कोणी पुढे केलं ते सांगत नाही.