तांब्याच्या पाइपचा झिरपणारा सांधा

मागील हिवाळ्यात करंजाड्यातील एक आजी मनगटाला प्लास्टर घालूनच अमेरिकेहून परतल्या. न्यू जर्सीत मुलाच्या घरी त्या रात्री पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघरात साचलेल्या पाण्यावरून घसरल्या. सिंकखालचा सांधा महिनाभर झिरपत होता. त्याखाली वाटी ठेवली होती. त्या रात्री ती भरून वाहिली. हाड जुळले, परंतु पोळी लाटताना अजून कळ येते.

आपल्याकडील नव्या इमारतींत पाण्याचे पाइप बहुधा प्लास्टिकचे असतात. तिकडच्या असंख्य घरांत मात्र ते तांब्याचे असून सांधे डाख देऊन, म्हणजे सोल्डरने जोडलेले असतात. आपल्यापैकी अनेकजण वर्षातील काही महिने मुलांकडे राहतात. मुले कामावर गेल्यावर घरात आपणच असतो, त्यामुळे गळती प्रथम आपल्याच दृष्टीस पडते.

सांध्याभोवती हिरवट-निळसर डाग दिसला, तर तेथे पाणी बरेच दिवस झिरपत आहे असे समजावे. उन्हाळ्यात थंड पाण्याचा पाइप दमट हवेने घामेजतो. तेव्हा तो सर्वत्र ओला असतो आणि ती गळती नव्हे. संशय असल्यास पाइप पुसून सांध्याभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळावा व थोड्या वेळाने पाहावे. पाणी पाइपवरून ओघळत दूर जाऊन ठिबकते, म्हणून ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधावी. तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात घराची मुख्य पाण्याची तोटी कोठे आहे, हे मुलांना विचारून ती स्वतः फिरवून पाहा. गळती वाढली तर ती बंद करणे, फरशी कोरडी करणे आणि मुलांना फोन करणे, एवढेच आपले काम.

दुरुस्ती कशी होते हे माहीत असावे, कारण घाईत वरवरचा डाख फासून घेण्याचा मोह होतो. आतला पू न काढता वरून पट्टी बांधावी, तसाच तो प्रकार! पाइपमध्ये पाण्याचे थेंब राहिले, तर सांधा शंभर अंशांच्या फारसा वर तापत नाही. डाख वितळायला तर त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता लागते. म्हणून पाइप आधी पूर्ण रिकामा करावा लागतो. थेंब थांबतच नसतील, तर जुने प्लंबर पाइपमध्ये पांढऱ्या पावाचा गोळा कोंबतात. तो पाणी शोषतो आणि नंतर विरघळून वाहून जातो. मला ही युक्ती फार आवडली. पुढे जुना सांधा सोडवून तांबे चकाकेपर्यंत घासतात, फ्लक्सचा लेप देतात आणि तापवून नवा डाख आत ओढू देतात.

हे काम आजोबांनी हौसेने करू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या बोटांना चटका उशिरा कळतो. तिकडील भिंतींत लाकडाचा सांगाडा असतो, तो ज्योतीने पेट घेऊ शकतो. घरात कोणाला ऑक्सिजन चालू असेल, तर प्लंबरला ते आधीच सांगा. ऑक्सिजन आणि ज्योत एका खोलीत असता कामा नये.

आता डाखाबद्दल. पूर्वी त्यात कथील आणि शिसे असे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी शिशाचा डाख वापरण्यास अमेरिकेने 1986 मध्ये बंदी घातली. त्यापूर्वीच्या घरांत जुने सांधे अजून असू शकतात, आणि रात्रभर साचलेल्या पाण्यात त्यांतील शिसे उतरू शकते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मोठ्यांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. पाणी उकळून शिसे जात नाही, हे आजींनी विशेष ध्यानात घ्यावे. गरम पाण्यात ते अधिक उतरते, म्हणून चहा, पेज किंवा नातवंडाचे दूध यांसाठी गरम नळाचे पाणी घेऊ नये. सकाळी थंड नळ काही मिनिटे वाहू द्यावा. ते पाणी झाडांना घालता येते. दुरुस्तीच्या वेळी शिसेविरहित डाखच वापरला जाईल, हे मुलांनी प्लंबरला विचारून घ्यावे.

जाण्याचे तिकीट काढाल, तेव्हा घर कोणत्या वर्षी बांधले आहे, हेही मुलाला विचारा.