मानेतला जागल्या

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू असली म्हणजे माणसे तासन्‌तास कमरेत वाकलेली दिसतात. मध्येच कुणी ताठ उभे राहते, पदराने कपाळ पुसते आणि पुन्हा वाकते. यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. मी मराठी शिकवणारा. मान राखणे आणि मान तुकवणे यापलीकडे मानेचा विचार मीही फारसा केला नव्हता. पण नवल आहे, आणि ते मानेतच आहे.

माणूस उभा राहिला की अंगातले अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. एवढ्याने मेंदूचा पुरवठा आटावा आणि माणूस जागीच कोसळावा. तो कोसळत नाही, कारण मानेत एक जागल्या पहाऱ्यावर असतो.

जबड्याच्या कोनाखाली, एकाच बाजूला, हलकेच बोट ठेवा. नाडी लागेल. ही मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी. तिला दोन फाटे फुटतात तिथे ती किंचित फुगीर असते, आणि त्या भिंतीत मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि मेंदूच्या देठाकडे भराभर निरोप जातात; दाब उतरला की निरोप मंदावतात. मग तिथून हुकूम सुटतात. दाब कमी असेल तर हृदयाने वेग घ्यावा, रक्तवाहिन्यांनी आवळून घ्यावे. दाब जास्त असेल तर हृदयाने दमाने चालावे. हृदय एकदोन ठोक्यांतच ऐकते, रक्तवाहिन्यांना काही सेकंद लागतात.

ही जागा नाजूक आहे, हे जुन्यांना ठाऊक होते. सुश्रुताने गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नीला आणि मन्या मर्मांत गणल्या. या रोहिणीच्या ‘कॅरोटिड’ या ग्रीक नावातही गुंगीचाच अर्थ आहे. जर्मनीच्या हेरिंग यांनी १९२० नंतरच्या दशकात ही यंत्रणा उलगडली. याच भागाचा श्वसनाशी असलेला संबंध दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण जागल्याही म्हातारा होतो. रोहिणी कडक झाली की त्याला दाबातला फरक उशिरा कळतो. त्यात उपास, कमी पाणी किंवा रक्तदाबाची गोळी असली, की आजोबा अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एका पडण्यात खुब्याचे हाड मोडते. आणखी एक गोष्ट: दाब वर्षानुवर्षे चढाच राहिला तर जागल्या त्यालाच सरावतो आणि गप्प बसतो. म्हणून काही त्रास होत नसला तरी दाब मोजून घ्यावा.

दिवाळीच्या पहाटे तर हे विशेष ध्यानात ठेवावे. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात. अशा वेळी पाटावरून झटकन उठणे वडीलधाऱ्यांना धोक्याचे. पाणी कोमट ठेवा. तेल लावताना गळ्याच्या दोन्ही बाजू जोराने चोळू नका; न्हाव्यालाही तसेच सांगा. आंघोळ झाल्यावर त्यांना क्षणभर बसू द्या, मग हात देऊन उठवा. आणि अंधारी वारंवार येत असेल, तर फराळाआधी डॉक्टरांची वेळ घ्या.