घरच्या डाळीचे सणासुदीचे गोळे

वर्धा जिल्ह्यात पाहुणे आले अथवा सण जवळ आला, की गोळाभात किंवा कढीगोळे करण्याची रीत जुनी आहे. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या डाळीचे तिखटमिठाचे गोळे, ते शिजविण्यासाठी भात किंवा कढी, आणि वर कडकडीत तेलाची फोडणी, एवढ्यावर सणाचे जेवण साजरे होते. या पदार्थाला लागणारे बहुतेक साहित्य जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पिकते. तथापि बऱ्याच शेतकरी घरांत असे आढळून येते, की पौष-माघात घरची तूर बाजारात जाते आणि श्रावण-भाद्रपदात सणासाठी डाळ दुकानातून चढ्या भावाने आणावी लागते. मग डाळ पातळ होते आणि गोळे केवळ सणापुरते उरतात. या पदार्थाची कृती, त्यातील पोषण आणि त्यासाठी वर्षभर डाळ राखण्याची रीत यांची माहिती पुढे दिली आहे.

गोळ्याचे मर्म

धान्य, डाळ अथवा मांस कुटून त्याचे गोळे करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. कोफ्ता हा शब्दच मुळी कुटणे या अर्थाच्या फारसी क्रियापदावरून आलेला आहे. अमेरिकेत नाताळाच्या दिवसांत टर्की या मोठ्या पक्ष्याच्या खिम्याचे मसालेदार गोळे करतात. त्या मांसात चरबी कमी असल्यामुळे गोळे कोरडे पडतात, म्हणून तेथील गृहिणी त्यात दुधात भिजविलेला पाव मिसळतात. हरभऱ्याच्या डाळीतही स्निग्धांश थोडाच असतो. आपल्याकडे तीच उणीव तेलाच्या मोहनाने भरून काढतात. मोहन कमी पडले तर गोळा घशात अडकतो आणि पाणी जास्त झाले तर तो फुटतो. बेताचे मोहन, बेताचे पाणी आणि मंद आच या तीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे गोळा बिघडत नाही.

भात आणि डाळ यांची जोड

शंभर ग्रॅम हरभरा डाळीत किंवा तूरडाळीत सुमारे २१ ते २२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच तांदळात ती सुमारे ८ ग्रॅम असतात. परंतु प्रश्न केवळ प्रमाणाचा नाही. तांदूळ, गहू व ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसीन हा आवश्यक घटक कमी असतो, आणि डाळीत तो भरपूर असतो. उलट डाळीत मेथिओनीन कमी पडते, ते धान्यातून मिळते. म्हणून भात व डाळ एकत्र खाल्ली असता शरीराला दोहोंचा अधिक उपयोग होतो.

पुढील कृतीत पाच माणसांसाठी २५० ग्रॅम डाळ व ४०० ग्रॅम तांदूळ घेतले आहेत. त्यातून प्रत्येकाच्या ताटात सुमारे १७ ग्रॅम प्रथिने येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज सुमारे ४६ ग्रॅम होते. एका वेळच्या गोळाभातातून तिच्या गरजेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग भागतो. मात्र घरातील स्त्री सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेला भात आणि तळाचे वरण घेते, ही रूढी चालू राहिली तर हा हिशेब कागदावरच राहील. गोळे मोजून करता येतात व मोजून वाढता येतात. स्वयंपाक करणारीच्या वाट्याचे तीन गोळे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

गोळाभात

साहित्य : हरभरा डाळीचा रव्यासारखा जाडसर भरडा २५० ग्रॅम, तेल ४ मोठे चमचे, तिखट २ लहान चमचे, हळद १ लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा, जिरे, ओवा व हिंग चवीपुरते, तांदूळ ४०० ग्रॅम. फोडणीसाठी तेल ४ मोठे चमचे, मोहरी, हिंग, लसूण व सुक्या लाल मिरच्या.

हळद व मिरची यांबाबत जिल्हा व शेजार भाग्यवान आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला आणि नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कृती : भरड्यात कोरडा मसाला व मीठ मिसळावे. तेल गरम करून त्यावर घालावे आणि दोन्ही हातांनी चोळून सर्व भरड्याला लावावे. मूठ वळली असता भरडा तिच्यात टिकला, म्हणजे मोहन पुरेसे झाले. नंतर सुमारे अर्धी वाटी पाणी थोडे थोडे शिंपडून घट्ट भिजवावे व पाव तास झाकून ठेवावे. या अवधीत कणी पाणी शोषून घेते व गोळा आतून कच्चा राहत नाही. लिंबाएवढे पंधरा गोळे वळावेत.

तांदूळ धुऊन नेहमीप्रमाणे शिजत ठेवावा. पाणी आटून भाताच्या पृष्ठभागाशी आले की गोळे एकमेकांस न चिकटतील अशा बेताने वर मांडावेत. घट्ट झाकण लावून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे वाफ द्यावी. एक गोळा फोडून पाहावा. आत कच्च्या पिठाचा वास नसावा. वाढताना गोळा भातात कुस्करून त्यावर लसूण-मिरचीची गरम फोडणी घालावी. सोबत चिंचेचे सार किंवा कढी असावी. वर लिंबू पिळल्यास डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. लहान मुलांना गोळा पूर्ण कुस्करून व फोडणीतील मिरची वगळून द्यावा.

कढीगोळे

ज्या घरी ताक आहे त्या घरी हा प्रकार स्वस्त पडतो. २५० ग्रॅम हरभरा किंवा तूरडाळ तीन-चार तास भिजवावी. भिजविलेले पाणी टाकून द्यावे, त्यामुळे पोटात वायू धरण्याचा त्रास कमी होतो. डाळ अर्धा तास निथळत ठेवून हिरव्या मिरच्या, लसूण, आले, जिरे, हळद व मीठ यांसह पाट्यावर किंवा यंत्रात जाडसर वाटावी. वाटताना पाणी मुळीच घालू नये. चिरलेला सांबार व एक चमचा तेल मिसळून सुमारे वीस गोळे करावेत.

एक लिटर आंबट ताकात दोन मोठे चमचे बेसन व अर्धा लिटर पाणी घुसळावे. जिरे, मेथीदाणे, हिंग व कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात हे ताक ओतावे आणि पहिली उकळी येईपर्यंत सतत ढवळावे, म्हणजे कढी फुटत नाही. नंतर आधी एकच गोळा सोडून पाहावा. तो विरू लागला तर उरलेल्या वाटणात एक-दोन चमचे बेसन मिसळावे. मग सर्व गोळे हलक्या हाताने सोडावेत. पहिली पाच मिनिटे डाव फिरवू नये. मंद आचेवर पंधरा मिनिटांत गोळे शिजतात.

सणागणिक चव

मूळ गोळा एकच ठेवून ऋतूप्रमाणे त्याची चव बदलता येते. पोळ्याच्या दिवसांत, विशेषतः तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सिंदी (रेल्वे) सारख्या गावी पाहुण्यांची वर्दळ असते. पावसाळी हवेत पचनशक्ती मंद असते, असे घरोघरी मानतात, म्हणून तेव्हा ओवा, हिंग व आले सढळ हाताने घालावे. दिवाळीत भाजलेले सुके खोबरे व खसखस वाटून गोळ्यात भरावी, म्हणजे त्यास खास सणाचा वास येतो. संक्रांतीच्या सुमारास शेतात ओल्या तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. त्यांचे सोले जाडसर वाटून, थोडे बेसन व भाजलेले तीळ घालून केलेले गोळे कढीत फार रुचकर लागतात.

सोयाबीनची जोड

वर्ध्यातील मगनवाडी येथे डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार केला. १९३५ मध्ये गांधीजींचा मुक्काम मगनवाडीत असताना तेथील स्वयंपाकघरात सोयाबीनचेही प्रयोग झाले. त्या काळी नवखे असलेले हे पीक आज जिल्ह्याच्या शेतांत सर्वत्र दिसते, पण शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत ते क्वचितच पोहोचते. सोयाबीनमध्ये प्रथिनांचे प्रमाण डाळीच्या जवळजवळ पावणेदोन पट असते. मात्र कच्च्या दाण्यात पचनास अडथळा करणारे द्रव्य असते व ते उष्णतेनेच नष्ट होते. म्हणून दाणे उकळत्या पाण्यात वीस ते पंचवीस मिनिटे शिजवून, कडक उन्हात वाळवून, साल काढून मगच दळावेत. गोळ्याच्या भरड्यात अशा पिठाचा पाचवा हिस्सा मिसळल्यास चवीत फारसा फरक पडत नाही.

सामिष घरांसाठी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, अनेक घरी सामिष जेवण असते. तेथे कोंबडीच्या खिम्याचे गोळे याच रीतीने करता येतात. अर्धा किलो खिम्यात फुटाण्याच्या डाळ्याचे पीठ ४ मोठे चमचे, आले-लसूण, तिखट, हळद, सांबार, मीठ व २ चमचे तेल घालून हलकेच मळावे. डाळ्याचे पीठ रस धरून ठेवते. फार मळल्यास गोळे घट्ट व रबरासारखे होतात. रस्सा उकळल्यावर त्यात गोळे सोडून मंद आचेवर शिजवावेत. मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचणे आवश्यक आहे. उष्णतामापक नसल्यास एक गोळा कापून पाहावा. आत गुलाबी छटा मुळीच नसावी व निघणारा रस स्वच्छ असावा. कच्च्या खिम्याला लागलेले हात, विळी व भांडी साबणाने धुतल्याखेरीज इतर अन्नास लावू नयेत.

वर्षाची डाळ राखणे

पाच माणसांच्या घरात माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरली तर दिवसाला पाव किलो, आणि वर्षाला सुमारे ९१ किलो डाळ लागते. तूर भरडून साधारणपणे ७० ते ७५ टक्के डाळ मिळते. म्हणजे तूर व हरभरा मिळून सुमारे सव्वा क्विंटल दाणे घरासाठी राखावे लागतात. माल बाजारात नेण्यापूर्वीच एवढी पोती वेगळी काढावीत. देणी भागविण्याच्या घाईत सर्व माल विकला गेला, तर तीच डाळ पुढे किरकोळ दराने विकत घ्यावी लागते, आणि मधला नफा व भरडाईची मजुरी घरच्याच पैशातून जाते.

साठवणीत कडधान्यावरील भुंगेरा हा मोठा शत्रू होय. तो अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो व अळी आत शिरून दाणा पोखरते. दाणे दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवावेत व थंड झाल्यावरच कोठीत भरावेत. खाण्यासाठी ठेवलेल्या दर किलो दाण्याला ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास भुंगेऱ्यास आळा बसतो. उन्हाळ्यातच डाळ करून हवाबंद डब्यांत भरून ठेवणे अधिक चांगले, कारण डाळीवर त्याचा उपद्रव फार कमी होतो. पावसाळ्यात डबे वारंवार उघडू नयेत. पंधरा दिवसांपुरती डाळ लहान डब्यात काढून घ्यावी.

ज्या घरी अशी राखलेली डाळ आहे, तेथे आठवड्यातून एकदा गोळाभात व एकदा कढीगोळे सहज करता येतील. डाळ भरडणे, साठवण व सोयाबीनचे पीठ यांविषयी अधिक माहिती हवी असल्यास सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. गावातील महिला बचत गटांनी एकत्र येऊन भरडण्याचे काम एकाच वेळी उरकले, तर श्रम व खर्च दोन्ही वाचतील आणि पोळ्याच्या आधी प्रत्येक घरी डाळीचा डबा भरलेला राहील.