एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. माझ्या भाचीचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. तिने तो मोडीत काढला नाही. विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स मिंट बसवलं. आता लॅपटॉप सुरू केला की मेन्यू येतो आणि दोन्हींपैकी एक निवडायचं. आठवडाभरात तिचा फोन आला, "मामा, लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडतो. त्यातलं प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरही दिसतं. मग तिथल्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं तर ते चालत का नाही? डिस्क तर एकच आहे!"

प्रश्न अगदी योग्य आहे. प्रोसेसरही एकच आहे आणि त्याला कळणाऱ्या मूळ सूचना दोन्हीकडे त्याच आहेत. बेरीज विंडोजमध्ये होते तशीच लिनक्समध्ये होते. पण कोणताही प्रोग्रॅम नुसती बेरीज करत नाही. फाइल उघडणं, पडद्यावर खिडकी काढणं, प्रिंटरला पान पाठवणं ही कामं तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो. मागण्याची पद्धत दोघींची वेगळी. विंडोजचा प्रोग्रॅम फाइल उघडायला 'क्रिएटफाइल' नावाचं फंक्शन बोलावतो आणि ते विंडोजच्या डीएलएल फाइलींत असतं. लिनक्समध्ये त्या नावाला ओ देणारं कुणी नसतं. फाइलीची बांधणीही निराळी. विंडोजची ईएक्सई फाइल 'एमझेड' या दोन अक्षरांनी सुरू होते. एमएस-डॉसवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. लिनक्सच्या चालणाऱ्या फाइलीच्या सुरुवातीला 'ईएलएफ' ही खूण असते. ही खूण नसलेली ईएक्सई फाइल लिनक्स स्वतःहून चालवत नाही.

दुसरी गोष्ट इन्स्टॉल करण्याची. त्यात एक फोल्डर डिस्कवर येऊन बसतं, एवढंच होत नाही. सेटअप चालतो तेव्हा काही नोंदी रजिस्ट्रीत होतात, काही डीएलएल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जातात, सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या खात्यात साठतात. नळाची तोटी काढून शेजारच्या भिंतीत खोचली तर पाणी येत नाही, कारण पाइप मागे राहतो. म्हणूनच एका विंडोजमध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर त्याच संगणकावरच्या दुसऱ्या विंडोजमध्येही बहुधा धड चालत नाही. 'पोर्टेबल' म्हणून मिळणारे प्रोग्रॅम याला अपवाद आहेत. ते आपलं सगळं सामान एकाच फोल्डरमध्ये बाळगतात.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : प्रोग्रॅम वाटून घेऊ नका, फाइली वाटून घ्या. वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात तेव्हा चुली दोन आणि अंगण एक असतं. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर डी ड्राइव्ह असतो, तेच हे अंगण. फायरफॉक्स, लिब्रऑफिस, व्हीएलसी, गिम्प हे सगळे फुकट आहेत आणि दोन्हीकडे मिळतात. दोन्हीकडे वेगवेगळे बसवा आणि कागदपत्रं, फोटो, गाणी मात्र डी ड्राइव्हवरच ठेवा.

अंगण वापरण्याआधी एक काम न चुकता करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. ती चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते आणि डिस्कवरची आपली पकड सोडत नाही. अशा वेळी लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडतच नाही. जबरदस्तीने लिहायला गेलात तर फाइली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली पॉवर बटणाच्या सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येते. फाइलींच्या नावांतही एक खाचखळगा आहे. लिनक्सला नावात विसर्गासारखं दिसणारं इंग्रजी कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही. मराठी नावं दोन्हीकडे नीट दिसतात.

विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर घाबरू नका. संगणकातलं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं असं विंडोज मानते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. भारतीय वेळेशी त्याचा फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न सुटतो.

आता ज्या सॉफ्टवेअरला लिनक्समध्ये जोडीदारच नाही त्यांचं. त्यांच्यासाठी वाइन आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, इतकं हे काम किचकट. वाइन विंडोजची नक्कल करणारा संगणक उभा करत नाही. प्रोग्रॅमने 'क्रिएटफाइल' म्हटलं की ती मागणी ते लिनक्सच्या भाषेत सांगतं, म्हणजे दुभाष्याचं काम करतं. व्हॉल्व्ह कंपनीचा प्रोटॉन याच पायावर २०१८ मध्ये उभा राहिला आणि विंडोजचे असंख्य गेम लिनक्सवर चालू लागले. मात्र इथेही विंडोजमध्ये बसवलेली प्रत उचलू नका. वाइनचा स्वतःचा सी ड्राइव्ह असतो, त्यात मूळ सेटअप फाइलीने सॉफ्टवेअर नव्याने बसवा. ज्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो असं सॉफ्टवेअर वाइनमध्ये सहसा चालत नाही. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी संगणकात वेगळी विंडोज टाकावी लागते किंवा सरळ विंडोज सुरू करावी लागते.

उलट दिशेने, विंडोजमधून लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायला मायक्रोसॉफ्टनेच २०१६ मध्ये डब्ल्यूएसएल आणलं. पण त्यातलं लिनक्स वेगळं असतं. तुमच्या पार्टिशनवरच्या लिनक्समध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर त्यात आपोआप येत नाही.

भाचीला हे सगळं पटलं, आणि मग तिने तिच्या आजीच्या लेखांची फाइल लिनक्समध्ये उघडली. पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची गर्दी! ते लेख पंधरा वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की मागची रोमन अक्षरं उघडी पडतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत आणि घरांत असं लिखाण पडून आहे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : ती जुनी विंडोज आणि तो फॉन्ट हाताशी आहे तोवर सगळा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, एकदा डोळ्यांखालून घाला आणि त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. विंडोज पुसायची असेल तर ती त्यानंतरच पुसा.