डॉक्टरांच्या जागरणाची किंमत रुग्णालाच

शहापूर, प्रतिनिधी - भातलावणीचे दिवस आले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. त्यांतील मण्यार हा साप रात्री हिंडणारा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो आणि दाताची खूण बहुधा दिसतही नाही. पहाटे रुग्ण येतो तो ‘पोटात दुखते’ एवढीच तक्रार घेऊन. त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या आहेत, हे डॉक्टरांनी वेळीच टिपले तर प्रतिविष सुरू होते. नजरेतून सुटले तर श्वास बंद पडण्याची वेळ येते. अशा क्षणी समोरचा तरुण डॉक्टर किती तास झोपलेला नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

शासकीय व महापालिका महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती बरेचदा ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते. डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे या भागांतील गंभीर रुग्ण पुढे ठाणे, कळवा वा मुंबईला पाठवले जातात. तेथेही रात्री प्रथम भेटतो तो निवासी डॉक्टरच. म्हणजे प्रवासाच्या दोन्ही टोकांना शिकत असलेला वा नुकताच शिकून बाहेर पडलेला डॉक्टर असतो.

जागरणाने नेमके काय होते?

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये जागरण आणि मद्य यांची तुलना केली. सलग १७ तास जागलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी घसरते, असे आढळले. २४ तासांनंतर ती सुमारे १०० मिलिग्रॅमच्या पातळीवर जाते. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. रोज सहा तास वा त्याहून कमी झोप दोन आठवडे मिळाली तरी लक्ष तितकेच ढासळते आणि झोपाळलेल्याला स्वतःला ते जाणवत नाही, असे २००३ च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. ‘मला सवय आहे’ या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

बोस्टनमधील २००४ च्या अभ्यासात २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के अधिक झाल्या. अशा पाळीनंतर घरी जाताना वाहन अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक असते, हे २००५ मध्ये पुढे आले. रात्रपाळी संपवून दुचाकीने नाशिक महामार्गावर वा कल्याण-मुरबाड रस्त्यावर निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नियम आहेत, माणसे कमी

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणतः १२ तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याला ४८ तास असावेत, असे म्हटले होते. मात्र कामाच्या गरजेनुसार सवलतीची वाट ठेवलेली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ‘वाजवी’ तास आणि विश्रांती एवढेच आले. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या पाळ्यांबद्दल चिंता व्यक्त केली.

परंतु केवळ तास कापून भागत नाही. अमेरिकेतील सहा बालअतिदक्षता विभागांत पाळी १६ तासांवर आणली, तेव्हा चुका घटण्याऐवजी वाढल्या, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कारण एका डॉक्टरमागे रुग्ण वाढले होते. रिक्त पदे भरल्याशिवाय विश्रांतीचे वेळापत्रक कागदावरच राहते, हा त्याचा अर्थ.

काय करता येईल?

तोवर काही उपाय लहान रुग्णालयांनाही शक्य आहेत. रात्रपाळीनंतर त्याच डॉक्टरला सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात बसवू नये. रात्री २० ते ३० मिनिटांची डुलकी घेता यावी, यासाठी स्वच्छ, शांत खोली असावी. मात्र उठल्यावर १५ ते ३० मिनिटे मेंदू सुस्तच असतो. त्या वेळेत औषधाची मात्रा परिचारिकेसोबत पुन्हा तपासावी. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायला पाच-सहा तास लागतात. पहाटे चारचा कप म्हणूनच सकाळची झोप घालवतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची ठरलेल्या नमुन्यातील लेखी व तोंडी नोंद. अशा पद्धतीने नऊ रुग्णालयांत चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये दिसून आले.

थकलेल्या डॉक्टरने ‘मी आता थकलो आहे’ असे सांगणे हा कामचुकारपणा नव्हे. ते ऐकून त्याच्या जागी दुसरा डॉक्टर उभा करता येणे, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती पार पडली, तर डोळखांबहून पहाटे आलेल्या रुग्णाच्या जड पापण्या कुणाच्या तरी जाग्या डोळ्यांना दिसतील.