पुराव्याचा प्रवास : कोपरी ते कलिना

ठाणे पूर्वेच्या कोपरीत एखाद्या घरात गंभीर गुन्हा घडला, की पोलीस पोहोचण्याआधीच शेजाऱ्यांची गर्दी जमते. कोणी दार ढकलतो, कोणी सांडलेले पुसतो. त्यात अनेकदा सर्वांत मोलाचा पुरावा नाहीसा होतो.

गुन्हेगार घटनास्थळी काही ना काही सोडून जातो, या तत्त्वावर न्यायसहायक विज्ञान उभे आहे. काचेवरील बोटांचे ठसे बारीक भुकटीने उठविता येतात. कागदावरील ठसे निनहायड्रिनमुळे जांभळे दिसू लागतात. धुऊन काढलेल्या रक्ताचा अंशही ल्युमिनॉल फवारल्यावर अंधारात निळसर चमकतो. मात्र ब्लीचिंग पावडरनेही तशी चमक येऊ शकते, म्हणून पुढील तपासणी अटळ असते.

ब्रिटनमध्ये १९८४ साली अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून व्यक्तीची ओळख पटविण्याचे तंत्र शोधले. त्या काळी बराच मोठा नमुना लागे. आता मोजक्या पेशीही पुरतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात 'कुबेर' नौकेवरील वस्तूंवर मिळालेला डीएनए हल्लेखोरांशी जुळल्याचा पुरावा मांडला गेला होता.

परंतु तंत्र जितके सूक्ष्म, तितका भेसळीचा धोका अधिक. रक्ताळलेला ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास दमटपणामुळे जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. तो सुकवून कागदी पाकिटात सीलबंद करावा लागतो. त्यानंतर पोलीस ठाण्यातील मुद्देमाल कक्षापासून कलिन्याच्या प्रयोगशाळेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, याची अखंड नोंद हवी.

या नोंदीचे मोल ठाणे जिल्ह्यातीलच एका खटल्याने दाखविले. २०१० मधील एका बालिकेवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणात ठाण्याच्या न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. उच्च न्यायालयानेही ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याची मुक्तता केली. नमुने प्रयोगशाळेत पाठविण्यास झालेला विलंब व भेसळीची शक्यता यांमुळे डीएनए अहवालावर विसंबता येत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. गुन्ह्याचा उलगडा न होता बालिकेचे कुटुंब न्यायापासून वंचित राहिले आणि एका व्यक्तीने फाशीच्या छायेत अनेक वर्षे काढली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचविण्याचे व ताब्याची नोंदवही ठेवण्याचे निर्देश दिले.

नागरिकांचे काम सोपे आहे. जखमीला मदत करावी, पोलिसांना कळवावे आणि इतर कशालाही हात न लावता बाहेर थांबावे.